बंदुकीचा परवाना, स्वसंरक्षणाचा हक्क आणि धर्माची रेघ: मराठवाड्यातल्या शेतवस्तीवरच्या माणसाने काय जाणून घ्यावे

गावापासून दोन किलोमीटरवर आखाडा (शेतातली वस्ती), रात्री तिथे सालगडी आणि चार जनावरे, विहिरीवरच्या मोटारीची केबल चोरीला जाण्याची भीती आणि बांधावरून भावकीशी जुना वाद. मराठवाड्यात बंदुकीच्या परवान्याचा विषय बहुतेक वेळा असल्याच परिस्थितीतून निघतो. मग माणूस थेट कोणती बंदूक घ्यावी, किती पैसे लागतील, कुणाची ओळख लागेल हे विचारायला लागतो. आधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे: हातात बंदूक असली तर ती नेमकी केव्हा चालवता येते? परवाना हा शस्त्र बाळगण्याचा असतो. गोळी चालवण्याचा हक्क त्यातून येत नाही. तो हक्क दुसऱ्याच कायद्यातून येतो आणि तो हातात काठी असलेल्या माणसाला जेवढा आहे तेवढाच बंदूकवाल्याला आहे.

हक्क कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली. स्वसंरक्षणाची जुनी कलमे ९६ ते १०६ होती, ती आता ३४ ते ४४ आहेत. मजकूर जवळपास तोच आहे, आकडे बदलले. जुन्या वकिलाच्या तोंडी अजून 'शंभर नंबरचे कलम' येते, ते आता ३८ आहे.

कलम ३५ प्रमाणे स्वतःच्या आणि दुसऱ्याच्याही शरीराचे रक्षण करता येते. मालमत्तेच्या बाबतीत चोरी, जबरी चोरी, नासधूस आणि बेकायदा घुसखोरी यांपासून रक्षण करता येते. कलम ३७ याला तीन कुंपणे घालते. पोलिसांकडे जाण्याइतका वेळ होता तर हा हक्क नाही. संकट टाळण्यापुरतीच इजा करता येते, जास्त नाही. आणि सरकारी नोकर पदाच्या अधिकारात, सद्भावनेने काही करत असेल आणि त्यातून जिवाला धोका नसेल, तर त्याच्याविरुद्ध हा हक्क वापरता येत नाही. त्याची कारवाई कायद्यात काटेकोर बसत नसली तरी. मोजणीला आलेला भूकरमापक किंवा अतिक्रमण काढायला आलेले तहसीलचे पथक चुकत असेलही, पण त्यावर उपाय अपिलात आहे. अंगणात बंदूक काढली की चांगली बाजूही बुडते.

समोरच्याचा जीव जाईपर्यंत प्रतिकार केव्हा क्षम्य ठरतो, हे कलम ३८ मध्ये मोजून दिले आहे. मृत्यूची किंवा जबर दुखापतीची रास्त भीती वाटावी असा हल्ला, बलात्काराच्या किंवा अनैसर्गिक अत्याचाराच्या हेतूने हल्ला, पळवून नेण्यासाठी हल्ला, पोलिसांची मदत मागणेच अशक्य होईल अशा रीतीने डांबण्यासाठी हल्ला, आणि ॲसिड फेकणे किंवा फेकण्याचा प्रयत्न. 'रास्त' या शब्दावर सगळा खटला उभा राहतो. भीती खरी वाटली एवढे पुरत नाही. त्या जागी, त्या अंधारात, तेवढ्याच माहितीवर दुसऱ्या साध्या माणसालाही ती वाटली असती का, हे न्यायालय पाहते.

मालमत्तेसाठी जीव घेण्याची मुभा कलम ४१ मध्ये आहे आणि गावाकडचे सर्वाधिक गैरसमज याच कलमाबद्दल आहेत. ती मुभा चारच ठिकाणी आहे: जबरी चोरी, सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी केलेली घरफोडी, राहण्याच्या किंवा माल ठेवण्याच्या इमारतीला वा तंबूला आग लावणे, आणि अशी चोरी, नासधूस किंवा घरात घुसखोरी की अडवले नाही तर मृत्यू किंवा जबर दुखापत होईल अशी भीती रास्त ठरावी. आता हे आपल्याकडच्या प्रसंगांना लावून पाहा.

विहिरीत उतरून कोणी तांब्याची केबल कापतो आहे. ही साधी चोरी. ओरडा, अडवा, पकडा, झटापटीत मार लागला तर तो हक्कात बसू शकतो. वरून गोळी घातली तर नाही. तोच माणूस पान्हा उगारून अंगावर आला तर प्रश्न मालमत्तेचा राहत नाही, शरीराचा होतो आणि ३८ लागू होते.

सोयाबीनची गंजी पेटवून कोणी पळतो आहे. वर्षाचे पीक डोळ्यांसमोर जळताना माणसाचा तोल जातो हे समजण्यासारखे आहे. पण उघड्या रानातली गंजी म्हणजे इमारत नाही. त्यामुळे केवळ गंजीसाठी जीव घेणे ४१ मध्ये बसवणे फार अवघड. गंजी गोठ्याला किंवा आखाड्याच्या पत्र्याला लागून असेल आणि आत माणसे झोपली असतील, तर गोष्ट वेगळी होते.

बांध कोरणे, रस्त्यावर नांगर घालणे, वादातली पेरणी मोडणे: इथे जीव घेण्याचा हक्क कधीच नाही. मुळात हे वाद तहसीलदार आणि दिवाणी न्यायालयाचे. शिवाय दोन्ही बाजू काठ्या-कुऱ्हाडी घेऊन ठरवून शेतात उतरल्या, तर न्यायालय त्याला उघड मारामारी समजते आणि स्वसंरक्षण कोणालाच मिळत नाही.

हक्क संपतो केव्हा, हेही तितकेच महत्त्वाचे. शरीराच्या रक्षणाचा हक्क धोका असेपर्यंतच असतो (कलम ४०). रात्रीच्या घरफोडीत घुसखोर घरात असेपर्यंत असतो (कलम ४३). चोर उंबरा ओलांडून पळाला की त्याला पकडण्याचा आणि माल सोडवण्याचा हक्क राहतो, जीव घेण्याचा संपतो. पाठीत लागलेले छर्रे हा आरोपीच्या विरोधातला सर्वात बोलका पुरावा असतो.

चोर सापडला तर काय करायचे? भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० प्रमाणे आपल्यासमोर दखलपात्र, अजामीनपात्र गुन्हा करणाऱ्याला सामान्य नागरिक पकडू शकतो. त्याला विनाविलंब, फार तर ६ तासांच्या आत पोलिसांच्या हवाली करायचे. लिंबाला बांधून सकाळपर्यंत गावाने हात साफ करून घेणे यात बसत नाही. मध्येच तो मेला तर ज्याच्या घरी चोरी झाली तोच खुनाचा आरोपी होतो.

एक मुद्दा अलीकडे वारंवार पुढे येतो, म्हणून इथेच सांगितलेला बरा. रानडुकरांसाठी किंवा चोरांसाठी तारेत करंट सोडणे हे कोणत्याही अर्थाने स्वसंरक्षण नाही. कलम ३७ नेमके तेवढीच इजा करायला सांगते, आणि तारेला समोर चोर आहे की पिकाला पाणी द्यायला (दारं धरायला) निघालेला शेजारी, हे कळत नाही. अशा मृत्यूत सदोष मनुष्यवधाचा गुन्हा दाखल होतो.

मर्यादा ओलांडली गेली तर काय? सद्भावनेने, सूडाचा विचार न करता, हक्क वापरतानाच गरजेपेक्षा जास्त इजा होऊन माणूस मेला, तर कलम १०१ च्या अपवादामुळे तो खून धरला जात नाही, सदोष मनुष्यवध धरला जातो आणि शिक्षा कलम १०५ प्रमाणे होते. सर्वोच्च न्यायालयाने २०१० च्या दर्शनसिंग विरुद्ध पंजाब राज्य या निकालात या हक्काची तत्त्वे एकत्र मांडली. जीव वाचवणाऱ्या माणसाकडून त्या क्षणी सोन्याच्या तराजूत तोलून प्रतिकार करण्याची अपेक्षा ठेवता येत नाही, आणि हा हक्क बचावासाठी आहे, बदल्यासाठी नाही. ही दोन्ही वाक्ये एकत्र लक्षात ठेवावीत. लोक पहिलेच ठेवतात.

धर्म काय सांगतो आणि न्यायालय काय विचारते

मराठवाड्यात या विषयावर बोलताना धर्म बाजूला ठेवताच येत नाही. तुळजापूरच्या भवानीच्या हातात शस्त्रे आहेत आणि पैठणला अंगावर थुंकणाऱ्यावर न रागावता पुन्हापुन्हा गोदावरीत स्नान करणाऱ्या एकनाथांची कथा आहे. एकाच घरात दोन्हींची भक्ती चालते. कीर्तन ऐकून आलेला माणूस अहिंसेचा आधार घेऊ शकतो तसा दुर्जनाला ठेचण्याचाही.

व्यवहारात उपयोगी पडणारी कसोटी अशी: धर्म तुमच्यासाठी कायद्यापेक्षा कडक रेघ आखू शकतो, सैल रेघ आखू शकत नाही. माळकरी घराने, जैन कुटुंबाने, पंचशीलातले पहिले शील मानणाऱ्या बौद्ध माणसाने 'कायदा परवानगी देत असला तरी आम्ही जीव घेणार नाही' असे ठरवले, तर त्याला कोणी अडवत नाही. कुत्रा, भक्कम दार, प्रखर दिवा, चार शेजाऱ्यांचा फोनगट यांवर त्यांनी भर द्यावा. आखाड्यावरच्या साध्या चोरीत हे उपाय बंदुकीहून जास्त कामाचेही आहेत. उलट दिशेने मात्र धर्म चालत नाही. जुन्या धर्मशास्त्रात सहा आततायी सांगितले आहेत: आग लावणारा, विष देणारा, शस्त्र उगारलेला, धन लुटणारा, शेत बळकावणारा आणि बायको पळवणारा. यांतले काही आजच्या कलमांशी जुळतात. शस्त्र उगारलेला ३८ मध्ये येतो, घराला आग लावणारा ४१ मध्ये. पण शेत बळकावणारा कुठेच येत नाही. नेमके याच एका कारणावरून आपल्याकडे सर्वात जास्त कुऱ्हाडी निघतात, आणि मारणाऱ्याला मनातून आपण धर्मानेच वागलो असे वाटत असते. न्यायालयाला त्या वाटण्याचे काही देणेघेणे नाही. ते एवढेच विचारते की त्या क्षणी जिवाला धोका होता का. हा प्रश्न आस्तिकालाही तोच आणि नास्तिकालाही तोच.

इस्लाममध्ये जीव आणि घर राखण्याला मान्यता आहे, तशीच हद्द न ओलांडण्याची ताकीदही आहे. कायद्यातली 'गरजेपुरती इजा' आणि ही ताकीद एकमेकींपासून फार लांब नाहीत.

शस्त्र आणि धर्म प्रत्यक्ष कायद्यात भेटतात ते नांदेडला. संविधानाच्या अनुच्छेद २५ च्या पहिल्या स्पष्टीकरणाप्रमाणे कृपाण धारण करणे हा शीख धर्माचरणाचा भाग मानला आहे. गुरु गोविंदसिंगांच्या देहावसानाचे, १७०८ चे हे शहर असल्याने तिथे हे रोजच दिसते. पण ही सवलत कृपाण धारण करण्याची आहे, ती कोणावर चालवण्याची नाही आणि ती दुसऱ्या कोणाच्या तलवारीला लागू होत नाही. धारदार शस्त्राचे पाते ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद असले की ते शस्त्र नियमांच्या यादीत येते. शेती आणि घरकामासाठीच बनवलेली विळा, कुऱ्हाड, साधी काठी यांतून वगळली आहेत. सत्कारात भेट मिळालेली धार लावलेली तलवार मात्र वगळलेली नाही. वाढदिवसाचा केक तलवारीने कापून त्याचा व्हिडिओ टाकणारी पोरे शस्त्र कायद्याच्या कलम ४ आणि २५ खाली ठाण्यात जातात ती यामुळेच.

खंडेनवमीला परवान्याच्या बंदुकीची पूजा करण्याला हरकत नाही. काडतुसे काढून, नळी रिकामी असल्याची खात्री करून, मग हळदी-कुंकू लावा. नळीत आणि घोड्याच्या फटीत कुंकू-तेल जाऊ देऊ नका, गंज आणि अडथळा दोन्ही तिथून सुरू होतात. पूजेनंतर हवेत बार काढायची हौस आता महाग आहे. शस्त्र कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीने वरातीत, मिरवणुकीत, धार्मिक कार्यक्रमात बेपर्वाईने केलेल्या आनंदाच्या गोळीबाराला २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही ठरवले आहे.

सणांच्या आसपास जिल्हाधिकाऱ्यांचे महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खालचे मनाई आदेश निघतात. त्या काळात परवान्याचे शस्त्र आणि कधी काठीसुद्धा सार्वजनिक ठिकाणी नेण्यावर बंदी असू शकते. आदेश स्थानिक वर्तमानपत्रात आणि जिल्ह्याच्या संकेतस्थळावर येतो. तो पूर्ण वाचा. कोणाला वगळले आहे ते शेवटच्या परिच्छेदात असते.

परवाना: काय मागायचे आणि कसे

शस्त्र कायदा १९५९ चा, नियम २०१६ चे. छत्रपती संभाजीनगर शहरात परवाना पोलीस आयुक्त देतात. शहराबाहेर आणि जालना, परभणी, हिंगोली, नांदेड, लातूर, धाराशिव, बीड या जिल्ह्यांत जिल्हादंडाधिकारी, म्हणजे जिल्हाधिकारी. कागद गृह शाखेतून फिरतो.

अर्जापूर्वी पात्रता पाहा. वय २१ पूर्ण हवे. हिंसेच्या किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा झाली असेल तर ती भोगून संपल्यावर आणखी ५ वर्षे शस्त्र बाळगता येत नाही. शांतता राखण्याचा बंधपत्राचा आदेश झाला असेल तर त्याची मुदत संपेपर्यंतही नाही. गावातल्या भांडणानंतर दोन्हीकडच्यांवर जी 'चॅप्टर केस' होते ती हीच. पूर्वीचे कलम १०७, आता नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १२६. नुसती नोटीस आणि झालेला आदेश यांत फरक आहे. तो अर्जासोबत कागदाने दाखवा.

आता सगळ्यात उपयोगाची गोष्ट. शस्त्र कायद्याच्या कलम १३ मध्ये दोन वेगळे रस्ते आहेत. संरक्षणासाठी किमान २० इंच नळीची गुळगुळीत नळीची बंदूक (म्हणजे आपली नेहमीची बारा बोअर) किंवा पीकसंरक्षणासाठी ठासणीची (नळीच्या तोंडातून दारू-छर्रे ठासायची) बंदूक मागितली, तर अपात्रतेचे कारण नसल्यास परवाना 'दिला जाईल' अशी भाषा आहे. ठासणीची पुरत नाही हे पटवले तर पिकासाठीही दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक मिळू शकते. पिस्तूल-रिव्हॉल्व्हरसाठी मात्र 'चांगले कारण' आहे अशी अधिकाऱ्याची खात्री पटावी लागते. कमरेला लावण्याच्या हौसेपायी रिव्हॉल्व्हर मागणारे बहुतेक अर्ज इथेच अडकतात. आखाडा राखायचा असेल तर बारा बोअर मागा. मागणी गरजेशी जुळली की चौकशी अहवालही सरळ येतो.

अर्ज ए-१ नमुन्यात, एनडीएएल-एएलआयएस या केंद्रीय पोर्टलवर भरून त्याची प्रत कार्यालयात द्यायची. सोबत पांढऱ्या पार्श्वभूमीचे पासपोर्ट आकाराचे फोटो, जन्मतारखेचा, ओळखीचा आणि राहण्याचा पुरावा, शारीरिक व मानसिक तंदुरुस्तीचे आणि नशेच्या आहारी नसल्याचे वैद्यकीय प्रमाणपत्र, शस्त्र सुरक्षित ठेवण्याचे हमीपत्र आणि शस्त्र सुरक्षा प्रशिक्षणाचे एस-१ प्रमाणपत्र. यानंतर कारणाचे कागद. इथे कंजूषी करू नका. सातबारा आणि आठ-अ, वस्तीचे गावापासूनचे अंतर दाखवणारा तलाठ्याचा दाखला, आधीच्या चोऱ्यांच्या फिर्यादी, अदखलपात्र तक्रारींच्या प्रती, वन्यप्राण्यांच्या नुकसानीचे पंचनामे. 'जिवाला धोका आहे' असे लिहून खाली एकही तक्रार न जोडणारा अर्ज पोलीस ठाण्यातून 'धोका आढळून आला नाही' या एका ओळीने परत येतो.

मग ठाणेदार, उपविभागीय अधिकारी आणि पोलीस अधीक्षकांमार्फत अहवाल जातो. पोलीस अहवालाला नियमांत ३० दिवसांची मुदत आहे, प्रत्यक्षात महिने जातात. घरी चौकशीला येणारा कर्मचारी शेजाऱ्यांना विचारतो, घरातल्या भांडणांबद्दल विचारतो, बंदूक कुठे ठेवणार ते पाहतो. भिंतीत बोल्टने बसवलेले लोखंडी कपाट आधीच तयार ठेवा.

नकार आला तर कारणे लेखी मागा, ती देणे कलम १४ प्रमाणे बंधनकारक आहे, सार्वजनिक हिताचा अपवाद सोडून. पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावर नकार देता येत नाही, हेही त्याच कलमात आहे. अल्पभूधारकांनी ते लक्षात ठेवावे. जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या आदेशावर अपील ३० दिवसांत, छत्रपती संभाजीनगरच्या विभागीय आयुक्तांकडे. पुढे मुंबई उच्च न्यायालयाचे औरंगाबाद खंडपीठ.

परवान्याची मुदत आता ५ वर्षे, आणि एका माणसाकडे जास्तीत जास्त २ बंदुका. २०१९ पूर्वी ३ चालत. परवान्यावर शस्त्राचा प्रकार, काडतुसांची मर्यादा आणि क्षेत्र लिहिलेले असते. क्षेत्र 'महाराष्ट्र' असेल तर उदगीरहून बिदरला किंवा देगलूरहून तेलंगणात बंदूक गाडीत टाकून जाणे हा गुन्हा आहे, बाजार अर्ध्या तासावर असला तरी.

मिळालेला परवाना कायमचा नसतो. २०२४ अखेरीस मस्साजोगच्या सरपंचांच्या खुनानंतर बीड जिल्ह्यात परवान्यांची फेरतपासणी होऊन अनेक परवाने रद्द झाले. गुन्हे दाखल असणे आणि समाजमाध्यमांवर बंदुकीसह फोटो टाकणे या दोन गोष्टी कलम १७ खाली निलंबनाला पुरतात. निवडणुकीत शस्त्र ठाण्यात जमा करण्याची नोटीस येते. जमा करताना क्रमांक आणि काडतुसांची संख्या लिहिलेली पावती घ्या, निकालानंतर तीच दाखवून परत घ्यायची.

आजोबांची बंदूक वाड्यात पडून असेल तर 'वारसाने आपोआप आली' असे नसते. परवानाधारक वारला की शस्त्र विनाविलंब ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचे आणि वारसाने स्वतःच्या नावावर अर्ज करायचा. हयातीतही परवानाधारकाने सत्तरी गाठली किंवा बंदूक २५ वर्षे बाळगली, तर वारसाच्या नावे करण्याची सोय २०१६ च्या नियमांत आहे. जमा न करता माळ्यावर ठेवलेली बंदूक ही विनापरवाना बंदूकच. त्याला २ ते ५ वर्षे कैद आहे. गावठी कट्ट्यालाही तेच कलम. शिवाय कट्ट्याची नळी साध्या पाइपची असते, काडतुसाचा दाब तिला पेलत नाही, आणि पहिला बळी बऱ्याचदा चालवणाऱ्याचा पंजा असतो.

४.५ मिमी पर्यंत बोअरच्या आणि २० ज्यूलपर्यंत ताकदीच्या एअरगनला परवाना लागत नाही. ती पाखरे-वानरे हुसकावण्याच्या आवाजापुरती. तिने किंवा बंदुकीने रानडुक्कर-रोही (नीलगाय) मारायचे असेल तर वनविभागाची लेखी परवानगी आधी हवी. शस्त्र परवाना म्हणजे शिकारीची परवानगी नव्हे.

बारा बोअर हाताळताना

बंदूक हातात घेतली की ती भरलेली आहे असेच धरा. खटका दाबून ती मोडा, म्हणजे नळी खाली वाकवून उघडा, आणि काडतुसाच्या दोन्ही घरांत बोट घालून पाहा. नळीतून उजेडाकडे बघा. आपल्याकडे हे सोडून चालत नाही, कारण महिनाभर भिंतीला टेकून ठेवलेल्या नळीत कुंभारीण माशी मातीचे घर करते, आणि तेवढा अडथळा नळी फाटायला पुरतो. चापावर बोट शेवटच्या क्षणी.

जुन्या इंग्रजी दुनळी बंदुकांची काडतुसाची घरे पुष्कळदा ६५ मिमीची असतात. ७० मिमीचे काडतूस त्यात बसते, पण उडताना त्याचे तोंड उघडायला जागा मिळत नाही आणि दाब धोकादायक वाढतो. नळीखाली कोरलेली खूण विक्रेत्याकडून वाचून घ्या, आणि डब्यावरची लांबी पाहूनच काडतूस घ्या. पावसाळ्यात फुगलेली काडतुसे वापरू नका. चाप ओढूनही बार झाला नाही तर नळी सुरक्षित दिशेला धरून अर्धा मिनिट थांबा, मगच मोडा. उशिरा पेटणारे काडतूस उघड्या बंदुकीत तोंडावर येते.

छर्रे नळीतून निघाल्यावर पसरत जातात. ढोबळ हिशेब मीटरला अडीच-तीन सेंटिमीटरचा. दहा मीटरवर ताटाएवढे क्षेत्र, तीस मीटरवर एका माणसाच्या रुंदीहून जास्त. अंधारात ऊसाच्या फडाकडे, जिथे तोडणीच्या टोळीच्या कोप्या असतात, तिकडे नळी करायचीच नाही. जिवावरच्या हल्ल्यात निरपराध्याला इजा होण्याचा धोका पत्करल्याशिवाय बचाव शक्यच नसेल, तरच न्याय संहितेचे कलम ४४ तो धोका पत्करू देते.

घरी बंदूक रिकामी, शक्य तर सुटी करून, कुलपात. काडतुसे दुसऱ्या कुलपात. किल्ली देवघरात ठेवण्याची पद्धत मोडा, ती घरातल्या प्रत्येक पोराला माहीत असते. घरात कोणी कर्जाच्या किंवा नापिकीच्या ताणात असेल, तर त्या काळापुरती बंदूक परवानाधारक विक्रेत्याकडे पावतीवर ठेवा. बाहेर नेताना लांब बंदूक पूर्ण झाकलेल्या पिशवीत, पिस्तूल म्यानात आणि झाकलेले. सार्वजनिक ठिकाणी परजणे नियमाने बंद आहे.

गोळी चाललीच तर

धोका थांबला की तुम्हीही थांबा. बंदूक मोडून खाली ठेवा, ११२ ला फोन करा, पहिल्याच वाक्यात जखमीसाठी रुग्णवाहिका मागा. फोनची नोंद वेळेसह राहते, आणि जखमीला वाचवायचा प्रयत्न केलेला माणूस सूडाने वागला असे म्हणणे पुढे जड जाते. शक्य तेवढा रक्तस्राव कापडाने दाबून थांबवा. बाकी कशाला हात लावू नका. रिकामी काडतुसे, पडलेला कोयता, पायाचे ठसे, तुटलेले कुलूप हाच तुमचा पुरावा आहे. बंदूक पुसू नका, हात धुऊ नका.

पोलिसांना घटनेचा गाभा सांगा: कोण, कोणत्या शस्त्राने, कसा अंगावर आला, तुम्ही कुठे उभे होता. अंतर आणि सेकंद अंदाजाने सांगू नका. छर्ऱ्यांचा पसारा मोजून न्यायवैद्यक प्रयोगशाळा अंतर काढते, आणि तुमचा आकडा चुकला की उलटतपासणीत सगळी साक्ष खोटी ठरवली जाते. सविस्तर जबाबाआधी वकील मागण्याचा हक्क अनुच्छेद २२ मध्ये आहे. स्वतःच्या अंगावरची खरचटही सरकारी दवाखान्यात त्याच दिवशी नोंदवून घ्या. आरोपीच्या अंगावरच्या जखमा सरकार पक्षाला उलगडून सांगता आल्या नाहीत तर त्याचा फायदा बचावाला मिळतो, पण त्या कागदावर आलेल्या असल्या पाहिजेत.

समोरूनही फिर्याद होणार हे गृहीत धरा. परस्परविरोधी गुन्हे हा आपल्याकडचा नेमच आहे. स्वसंरक्षण सिद्ध करण्याचा भार साक्ष अधिनियमाच्या कलम १०८ प्रमाणे आरोपीवर असतो, मात्र निःसंशय सिद्ध करावे लागत नाही. तसे घडण्याची शक्यता जास्त आहे एवढे दाखवले तरी चालते.

मधल्या काळात गावकी बसते, मारुतीच्या पारावर किंवा देवीपुढे भंडारा उचलून 'मिटवून घ्या' म्हणते. मन निवळायला याचा उपयोग होतो, भावकीतला पुढचा खून टळतो, म्हणून ते अव्हेरू नये. पण खुनाचा प्रयत्न हा गुन्हा तडजोडीने मिटणाऱ्या यादीत नाही. शपथ घेऊन साक्षीदार फिरवण्याचे ठरले तर खोट्या साक्षीचा नवा गुन्हा गळ्यात पडतो.

बंदूक पंचनाम्याने मुद्देमालात जाते. पंचनाम्याची प्रत आणि शस्त्राचा क्रमांक स्वतःजवळ ठेवा. निर्दोष सुटल्यावर ती परत मिळते, पण त्या दिवशी परवाना चालू असेल तरच. म्हणून खटला चालू असतानाही, मुदत संपण्याच्या किमान दोन महिने आधी, नूतनीकरणाचा ए-३ अर्ज भरायचाच. त्यात खटल्याचा क्रमांक लपवू नका. निलंबनावर अपील करता येते, पण माहिती लपवून घेतलेला परवाना त्याच कारणावर रद्द होतो.